पेडलवरचे ठोकळे

वेंडेल ब्रान्ड्समाने आजोबांची गाडी मामेभावाच्या कोठारातून ओढून आणली, तेव्हा तिच्या गादीत उंदरांचा संसार होता. गाडी १९१२ची. आजोबा, डॉक्टर आल्डर्ट, हिमवादळातसुद्धा तीच घेऊन बाळंतपणाला पोचायचे, हे आयोवातल्या त्या गावात सगळ्यांना पाठ होतं.

नोकरीतून मोकळा झालेला वेंडेल तिच्या मागे लागला तो लागलाच. चाकांचे लाकडी आरे नवे करवून घेतले, पितळी दिवे घासून सोन्यासारखे केले, जुन्या रंगाचे थर खरवडत मूळ गडद हिरव्यापर्यंत पोचला. त्याचं एकच म्हणणं होतं : कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात परीक्षक तेच बघतात.

"माझ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नाहीस," बायको, रोझेला, कॉफी आणून देताना म्हणायची.

"तू मुळात आहेस तशीच आहेस ना अजून."

"चल, थापाड्या!"

गाडी तयार झाल्यावर त्याने थीडामावशीला बघायला आणलं. डॉक्टरांच्या मुलांपैकी तेवढीच उरली होती. ऐंशी ओलांडलेली, अंगाने चिमणीएवढी, जिभेने मात्र धारदार. काठी टेकत तिने गाडीला फेरी मारली, दारावर हात फिरवला, आत डोकावली आणि थांबली.

"आईचे ठोकळे कुठे गेले?"

"कसले ठोकळे?"

"पेडलवरचे. लाकडाचे."

वेंडेलला आठवलं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवर कुणीतरी ओबडधोबड लाकूड ठोकलं होतं खरं. वरून पार झिजलेलं. ते कारखान्याचं नव्हतं, म्हणून त्याने उपटून शेगडीत घातलं होतं.

"जाळले, मावशी," तो कसाबसा म्हणाला. "पण गाडी तर आजोबा चालवायचे ना?"

मावशी गाडीच्या पायरीवर टेकली. "दिवसा चालवायचे. अंधार पडला की तुझ्या आजोबांना भिंत आणि दार सारखंच. रात्री आई चालवायची. हँडल मारून गाडी सुरू करायचे बाबा, दिवे चाचपून पेटवायचे बाबा आणि शेजारी बॅग मांडीवर घेऊन बसायचेही बाबा. आईचे पाय पोचत नव्हते, म्हणून त्यांनीच ते ठोकळे करून दिले होते."

"आणि गावाला माहीत नव्हतं?"

"गावाला काय माहीत नसतं रे? पण दुसरा डॉक्टर होता कुठे! सगळ्यांनी पोटात ठेवलं. पुढे पुढे विसरूनही गेले. आई नाही विसरली, पण तिला विचारलं कुणी?"

रोझेला म्हणाली, "मावशी, तुमची आई किती उंच होती?"

"माझ्याएवढी. लग्नात तिचाच झगा घातला मी, एक टाकाही घालावा लागला नाही."

वेंडेलने मावशीला अलगद उचलून चालकाच्या जागेवर बसवलं. तिचे पाय लोंबकळत राहिले. जमिनीवर पालथा पडून त्याने तिच्या टाचेपासून पेडलपर्यंतचं अंतर मापलं आणि त्याच आठवड्यात ओकच्या लाकडाचे दोन ठोकळे कापून बसवले. जुन्यांसारख्या झिजेच्या खाचा त्यावर कोरायचं त्याच्या मनात आलं होतं. नाही कोरल्या. आजीच्या बुटांनी झालेली झीज आपण खोटी कशी करायची?

प्रदर्शनात परीक्षकाने पेनाने ठोकळ्यांकडे बोट केलं. "हे काय, ब्रान्ड्समा? हे मूळचं नाही."

"गाडीचं नसेल. आमच्या घरचं आहे," वेंडेल म्हणाला आणि लीना आजीची सगळी हकिगत त्याला सांगितली. परीक्षकाने शेवटपर्यंत ऐकून घेतली, मान डोलावली आणि गुण कापले. बक्षीस दुसऱ्याच गाडीला गेलं. वेंडेलला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्यापेक्षा जास्त डाचत होती ती शेगडी.

गावी परतल्यावर नवीच पंचाईत. ठोकळ्यांमुळे लांब तंगड्यांच्या वेंडेलचे गुडघे स्टिअरिंगला अडकायला लागले. बुटक्या रोझेलाला मात्र सगळं बेतशीर बसलं. रविवारी चर्चनंतर तिने मावशीला शेजारी घेतलं, वेंडेलने पुढे जाऊन हँडल मारलं आणि घाम पुसत मागे जाऊन बसला.

मक्याच्या शेतांमधून गाडी खडखडत निघाली आणि पुढे चढ लागला.

"क्लच दाबून ठेवू नकोस गं," मावशी ओरडली, "आई चढावर सोडून द्यायची!"

रोझेलाने पाय उचलला.