रंगरावाची जाहीर किडनी

रंगराव काळोखेनं आपली किडनी धाकट्या भावाला द्यायचं ठरवलं आणि डॉक्टरांनी काही तपासायच्या आत चिंचवडच्या अख्ख्या कारखान्याला ते सांगून टाकलं. त्याचा स्वभावच तसा. सायकल घ्यायची झाली तरी हा आधी पेढे वाटणार, मग दुकान शोधणार.

धाकटा दत्तोबा अठ्ठावीस वर्षांचा. लहानपणापासून त्याच्या तळपायांची आग व्हायची, बेंबीभोवती तांबडेकाळे ठिपके होते, आणि आता, एक्याऐंशी साली, दोन्ही किडन्यांनी संप पुकारला होता. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आठवड्यातून दोनदा त्याला मशीनला लावत. "घरातल्या कुणाची किडनी जुळली तर हा वाचेल," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि रंगरावानं छाती ठोकली. ठोकताना वॉर्डातले किती जण बघताहेत हेही पाहून घेतलं. हे अर्थात त्यानं कुणाला सांगितलं नाही.

युनियननं गेटसभा घेतली. फळ्यावर खडूनं नाव लागलं, शाल-नारळ झाला, रंगरावानं भावाभावांच्या रक्ताच्या नात्यावर पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या तेव्हा अंगातून काहीतरी काढून दिल्यासारखं त्याला हलकं वाटलं. प्रत्यक्षात अजून त्याची साधी लघवीसुद्धा तपासलेली नव्हती.

बाप, भिमाजी, सभेला मागे उभा होता. पिंपरीच्या मंडईत हमाली करून तसाच आलेला, बंडी घामानं चिंब. रंगरावाला त्याची थोडी लाजच वाटायची. आपण आईकडचे, मामाच्या वळणावर गेलेलो, असं तो अभिमानानं सांगायचा. मामाला म्हणे जन्मात घाम आला नाही. तो चाळिशीतच भर उन्हात कोसळून गेला, हा भाग रंगराव गाळायचा. स्वतःलाही घाम येत नाही, भट्टीवर काम करतानाही शर्ट इस्त्रीचा राहायचा, हे मात्र दहादा सांगायचा. भट्टीवर दोन महिन्यांत तीनदा चक्कर येऊन पडला म्हणून साहेबानं त्याला स्टोअरमध्ये पंख्याखाली बसवलं होतं. घरी त्यानं त्याला बढती म्हटलं होतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला घाम येतो का?"

रंगराव खुलला. "आपल्याला? एक थेंब नाही मॅडम! भट्टीपुढं उभं करा हवं तर."

"तळपायांची आग?"

"थोडीफार. आपण मनावर घेत नाही."

बाईंनी शर्ट वर करायला लावून बेंबीभोवती पाहिलं. मग त्याला डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथं एकानं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं दिव्यातून त्याच्या बुबुळांत पाहिलं. किडनी देणाऱ्याचा मान एवढा असतो, असं वाटून रंगराव ताठ बसला.

आठवड्यानं बाईंनी बापलेकांना समोर बसवलं. शरीरात एक चरबीसारखा पदार्थ तयार होतो, तो मोडणारा रस या भावांमध्ये जन्मापासून नाही. मग तो पदार्थ किडनीत साठत जातो. "तुम्हालाही तोच आजार आहे, रंगराव. लघवीत प्रोटीन जातंय. तुमची किडनी घेता येणार नाही. उलट काही वर्षांनी तुम्हालाच कुणाची तरी लागेल."

भाऊ मशीनवर, स्वतःच्या पोटात तेच दुखणं, आणि रंगरावाच्या मनात पहिला विचार आला तो गेटवरच्या फळ्याचा. आता तिथं काय लिहिणार? दुसऱ्या क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. एवढा बिनकामाचा माणूस आपण आजवर पाहिला नाही, आणि रोज आरशात आपण त्याचीच दाढी करतो, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"हे आईकडून मुलांत येतं," बाई सांगत होत्या. "वडिलांचा यात संबंध नाही. आबा, तुमची किडनी द्याल का, असं तुम्हाला कुणी विचारलं नाही का?"

भिमाजीनं टोपीनं मान पुसली. "थोरल्यानं सांगून टाकलं व्हतं न्हवं. मंग मी कशाला मधी बोलू?"

भिमाजीच्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, किडन्या ठणठणीत निघाल्या. कारखान्यात रंगरावानं स्वतःच तोंड उघडलं, "आपला माल नापास झाला. बापाचा पास." क्रेनवरचे चांदभाई एवढंच म्हणाले, "शाल बापाच्या अंगावर घाल, राव." रंगरावानं घातली. भिमाजीनं ती घडी करून दत्तोबाच्या उशाला ठेवली.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी संमतीचा कागद आला. बाईंनी समजावलं, एक काढणार, उरलेल्या एकीवर माणूस नीट जगतो. भिमाजीनं अंगठा उठवला, पण हात मागे घेतला नाही.

"आन् दुसऱ्या किडनीचा कागूद?"

"दुसरी तुमच्याकडेच राहणार, आबा."

"न्हाई, ह्यो थोरला हाय न्हवं. त्याला लागंल तवा ती काढायची. आत्ताच लिवून घ्या. म्होरं तुमी इथं असाल-नसाल."

"आबा, मग तुम्ही जगणार नाही."

"ते ठावं हाय मला," भिमाजी म्हणाला. "जागा दावा. कुठं उठवू?"

मरायची भीती रंगरावाला वाटत होतीच, पण हा माणूस आपल्याला हवा आहे, आणि हे आपण त्याला कधीच सांगितलेलं नाही, हे त्याहून जास्त बोचत होतं. त्यानं पुढे होऊन बापाचा शाईचा अंगठा मुठीत धरला. भिमाजी तो सोडवून घ्यायला बघत होता. हमालाचा हात, जोर खूप होता. रंगरावानं दोन्ही हातांनी धरून ठेवला, सोडला नाही.