धनीबाईचा धागा आणि बारा रिळं

मी एक जुनं रीळ आहे मित्रांनो, बाभळीच्या लाकडाचं, तुमच्या अंगठ्याएवढं. मेडशीजवळच्या बंजारा तांड्यावर हेमसिंगने मला चाकूने तासून घडवलं. त्याची बायको धनीबाई भरतकाम करी. लाल आणि पिवळा असे दोन धागे ती जोडीने माझ्या व माझ्या अकरा भावंडांच्या अंगावर गुंडाळून ठेवी. १९७६ साली तो धागा तिच्या लेकीच्या, रामीच्या लग्नातल्या घागऱ्यासाठी, म्हणजे फेटियासाठी राखलेला होता. शेवटची किनार तेवढी राहिली होती.

गावच्या शाळेत बेबीताई नव्याने विज्ञान शिकवायला आल्या होत्या. पेशीतला डीएनए स्वतःची प्रत कशी करतो, हे मुलांना दाखवायला त्यांनी आम्हाला मागून नेलं. "सांजच्याले धागा जसाच्या तसा देतो," असा शब्द दिला. धनीबाईही पाहायला आली.

बेबीताईंनी एक चूक केली. सगळं एकदम दिसावं म्हणून त्यांनी आम्हा बाराही जणांना रिकामं केलं. टेबलावर धाग्याचा ढीग पडला. डीएनएचे दोन पदर सुटतात तसे लाल आणि पिवळा धागा वेगळे करत त्या प्रत्येकाशेजारी नव्या प्रतीचा पांढरा धागा ठेवू लागल्या. दोन विती काम झालं आणि गाठ बसली. त्यांनी ओढलं. धागा ताणला गेला.

"ओढू नका, बाई!" धनीबाईने त्यांचा हात धरला. "तुटला तं माह्या रामीचा फेटिया अधुरा राहीन. असा रंग आता भेटत नाई. काहून रिकामी केली रिळं?"

"मले वाटलं, मोकळा धागा सोपा जाईन."

"मोकळा धागा अन् मोकळी म्हैस, दोनी हाती लागत नाईत!"

मुलं हसली. बेबीताईही हसल्या, पण त्यांचे डोळे गाठीवरच होते. धनीबाईने सुईच्या टोकाने गाठ सोडवली आणि धागा पुन्हा आमच्यावर चढवला. "आता एकच रीळ खोला. तेवढं झालं का लगेच गुंडाळा. बाकीचं झोपू द्या."

एकामागून एक रीळ घेत तसंच केलं. पण आता एका जोडीच्या दोन जोड्या झाल्या, लाल-पांढरी आणि पिवळी-पांढरी, रिळं मात्र बाराच.

"दुसरीले काय उघडी ठेवता?" धनीबाईने तुराटीचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काडीचे तुकडे मोडून नवी रिळं केली. दोन्ही जोड्यांना थोडी जुनी, थोडी नवी रिळं मिळाली. माझ्या शेजारी नवी तुराटी आली.

बेबीताईंनी मला आणि तुराटीला उचलून धरलं. मग मुलांना म्हणाल्या, "पोरांनो, पेशी हेच करते. डीएनएचा चार हातांहून लांब धागा, अन् त्याची खोली, म्हणजे पेशीचं केंद्रक, डोळ्यांना न दिसणारी. म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. प्रत होताना थोडाथोडा सुटतो, अन् लगेच जुन्या-नव्या हिस्टोनांवर परत बसतो. म्हणून गुंता होत नाही, धागा तुटत नाही."

सांजेला पांढरा धागा काढून लाल-पिवळा अख्खा परत गेला. त्याच धाग्याची किनार असलेला फेटिया नेसून रामी सासरी गेली.

त्यानंतर मी कितीतरी वर्षं गंजक्या सुयांच्या डब्यात पडून आहे. त्या दिवसाची आठवण म्हणून धनीबाईने माझ्या अंगावर धाग्याचा एक वेढा मुद्दाम ठेवला होता. मित्रांनो, कधी तो डबा उघडलात, तर धागा ओढू नका. आधी त्याचं टोक शोधा.