टँकर सातची न संपलेली फेरी

"आला! वळणावर आला!"

कोन गावातल्या रस्त्यावर शंभर-दीडशे माणसं मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी होती. पडद्यावर पाण्याच्या टँकरचं ॲप आणि त्यात एक निळा ठिपका: टँकर सात, चालक जगन. ठिपका सरकत वळणावर आला. रस्त्यावर टँकर नव्हता. धूळसुद्धा नव्हती. जगनला जाऊन पाच महिने झाले होते आणि त्याचा टँकर भंगारात गेला होता.

*वेळ ४.१०. ठिकाण: जगनचं दार. वेग २०.*

बायांनी हात जोडले. ओट्यावरून कमळाकरबुवा गरजले, "देह सुटला, पन ड्युटी सुटली नाय! आत्म्याला डिझेल लागत नाय, टोल लागत नाय! सूक्ष्म टँकर हाय तो, आत सूक्ष्म पानी हाय!"

"मग माजा हंडा कवा भरनार, बुवा?" रिक्षावाला काशिराम मागून ओरडला.

"तुज्या हंड्याला भोक हाय, काशिराम. अश्रद्धेचा!"

लोक हसले, ते बुवाच्या बाजूने.

मी माधुरी. पनवेलच्या एका कार्यालयात एकटी बसून टँकरच्या नोंदी सांभाळते. माझ्यासमोर दिवसभर बत्तीस ठिपके फिरत असतात, बोलायला कोणी नसतं. जगनच्या अपघाताची बातमी आली तेव्हा मी चहा घेतला आणि पुन्हा ठिपक्यांकडे वळले.

काल समीक्षाचा, जगनच्या मुलीचा, फोन आला. ती नाशिकला असते. "आईच्या पायाची जखम काळी पडलीय. तिला शुगर आहे. या आठवड्यात ॲडमिट केलं नाही तर पाय जाईल. पण ती दार सोडत नाही. बुवा म्हणतो, दारात कोणी नसलं तर पप्पांचा आत्मा भटकेल." म्हणून आज मी कोनला आले.

*वेळ ४.१३.*

हौसाकाकी, जगनची बायको, गर्दीच्या मागे आपल्या दाराच्या पायरीवर बसली होती. सगळ्यांची तिच्याकडे पाठ. पायाला जुन्या लुगड्याची पट्टी, तिच्यावर माश्या.

"काकी, दवाखान्यात चला."

"कशी येऊ गो बाय? दिसातना अठरा येला जातो तो."

मी माझ्या फोनवर ॲपमध्ये नवी फेरी टाकली. गाडी: माधुरी. रस्ता: कोन ते ओवे आणि परत. वेग २०. 'निघाली' दाबलं, फोन बंद केला आणि काशिरामच्या हातात दिला. "धरा हा. आता सगळे आपापल्या फोनवर माझी गाडी बघा."

"अरे, ही तर चालली!"

मी पायरीवर बसले. काकीने शेजारून चहा मागवला.

*वेळ ४.५५. ठिकाण: ओवे. गाडी: माधुरी.*

"माधुरी ओव्याला पोचली!"

"मग हितं च्या कोन पितंय?" काशिरामने माझा बंद फोन उंच धरला. "बाय, तू मेलीस काय गो?"

बुवा घाईने म्हणाले, "जिवंतपनी पन आत्मा फिरतो—"

"ओव्याला माझ्या ओळखीचं कोणी नाही, बुवा. आत्मा तिथे कशाला जाईल?"

हशा ओसरल्यावर मी सांगितलं, "टँकरमधलं यंत्र क्षणोक्षणी जागा कळवत नाही. एवढ्या नोंदी साठवणं परवडत नाही. आम्ही एकच ओळ ठेवतो: रस्ता कोणता, अमुक वाजता कुठे होता, वेग किती. आता कुठे असेल, ते संगणक हिशोबाने काढतो. यंत्राने फक्त ठरल्यापेक्षा मागेपुढे झालं तरच कळवायचं. काही कळवलं नाही, म्हणजे ठीक चाललंय."

"आमच्या आयशीसारकाच," काशिराम म्हणाला. "पोराचा फोन नाय, म्हंजे पोर बरा हाय."

"तसंच. जगनदादांचं यंत्र अपघातात चिरडलं. ते गप्प झालं, म्हणून संगणकाने धरलं की सगळं ठीक आहे. पाच महिने तो त्यांना त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा फिरवतोय. ती ओळ मी बंद करायला हवी होती. चूक माझी."

मग हौसाकाकीचा आवाज आला.

"तो थांबत नाय."

सगळे वळले.

"जगन दारावरना न थांबता कदी गेला नाय. उतरायचा, तांब्याभर पानी पियाचा, मंग पुढं. ह्यो सरल जातो. मना कलत होता गो. पन कोनतरी दारावरना जातंय, म्हनून बसायची."

"हौसाबाय, दार सोडलंस तर—" बुवांनी बोट उगारलं.

"मंग तू बस हितं, बुवा."

मी काशिरामकडून फोन घेतला, चालू करून तिच्यापुढे धरला. तिने पडद्यावरचं जगनचं नाव दोनदा वाचलं आणि अंगठ्याने 'फेरी समाप्त' दाबलं. शंभर फोनांवरचा ठिपका एकदम गेला. लोकांनी माना वर केल्या, आणि तो पाय त्यांना पहिल्यांदा दिसला.

*वेळ ५.२०. ठिकाण: काशिरामची रिक्षा. वेग: खड्डे देतील तेवढा.*

दोन बोटं गेली. पाय वाचला.

वाचकहो, पडद्यावर अद्भुत काही दिसलं तर हात जोडण्याआधी विचारा: ही नोंद कोणी केली? शेवटची खरी खबर कधी आली? त्यानंतरचं कोणी भरलं? आणि ज्या माणसाकडून बरेच दिवस काही कळलेलं नाही, तो बरा असेल असं धरू नका. उठा आणि बघून या.