ओलं पोतं

माझा कॉम्प्युटर साध्या कामाला कधी रुसला नाही. दिवसभर मेल लिहा, फोटो चाळा, बिचारा हूं की चूं करत नाही. पण मी घराचं मॉडेल उघडलं, ग्राफिक्स कार्ड तापलं, पंखे घोंघावू लागले, की त्याचं नेटवर्क जायचं. जायचं म्हणजे मंद व्हायचं नाही. नेटवर्क अडॅप्टर, म्हणजे नेट जोडणारं छोटं कार्ड, यादीतूनच नाहीसा व्हायचा आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय परत यायचा नाही.

आणि माझं पोट नेमकं त्यावरच. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी अजून न बांधलेली घरं दाखवते. गिऱ्हाईक तिकडे पुण्यात बसतं, मी इथे आमच्या घरी, प्रताप नगरात, आणि माझ्या मशीनवरून त्याला त्याच्या होणाऱ्या घरात फिरवते. लागोपाठ तीन गिऱ्हाइकं मी अर्ध्या जिन्यात सोडली होती. तिसऱ्या वेळी माझे साहेब, गौरांग सर, ओरडलेसुद्धा नाहीत. ते जास्त वाईट.

"रोशनी, गुरुवारी दुपारी मोठं गिऱ्हाईक आहे. याही वेळी तुटलं तर तू पुण्याला ये आणि ऑफिसात बसून काम कर. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

फोन स्पीकरवर होता. बाहेरच्या खोलीत बाबांनी सगळं ऐकलं.

माझे बाबा, बाबनराव, अर्धं आयुष्य उमरेडला मागावर बसले आणि उरलेलं बुटीबोरीच्या कापड कारखान्यात उभे राहिले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांना एकटं टाकून मला पुण्याला जायचं नव्हतं, आणि तिकडे नेऊन कुठल्यातरी फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर कोंडायचं तर मुळीच नव्हतं. एवढंच माझं मागणं, आणि ते त्या बोटभर नेटवर्क कार्डावर अडून बसलं होतं.

मग मी काय केलं नाही? ड्रायव्हर काढले, नवे घातले, कंटाळून परत जुने घातले. वीज वाचवायला अडॅप्टर आपोआप झोपतो म्हणे, ती सोय बंद केली. केबल बदलली. इंटरनेटवाल्याशी भांडले. तो म्हणाला लाइन चांगली आहे, आणि मेली ती खरंच चांगली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी दुरुस्तीवाल्या अंकितने मशीन दुकानात नेलं, दिवसभर जड गेम चालवून ताणलं आणि परत आणून ठेवलं.

"ताई, एकदम फिट आहे. एकदाही नेट नाही गेलं."

"मंग घरीच काहून जाते?"

"नेटवर्कचं कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या खालीच आहे. गरम होऊन बंद पडत असन. हवा खेळू द्या."

हवा तर मी खेळू दिलीच होती. मशीन खिडकीला पाठ करून ठेवलं होतं, मागची गरम वाफ गजांतून सरळ गॅलरीत जावी म्हणून. वरच्या अर्ध्या खिडकीला पडदा, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही. याहून जास्त काय करणार? मी इतकी थकले होते की तुटायचं ते एकदाचं तुटावं असं वाटायला लागलं होतं.

गुरुवारी सकाळी तालीम म्हणून सगळा बंगला उघडला. पंखे घोंघावले, आणि थोड्या वेळाने नेट गेलं. एरवी माझ्या कानावर हेडफोन असतो. त्या दिवशी नव्हता, म्हणून पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मी पडदा सारला. गॅलरीत बाबा उकिडवे बसले होते. गजांना त्यांनी ओलं पोतं बांधलं होतं, मशीनच्या पाठीला अगदी चिकटून, आणि तांब्याने वरून पाणी सोडत होते.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही?"

"मशीन ओरडून राहिलं होतं ना." त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं. "तापलं की लावतो, शांत झालं की काढून घेतो. उन्हाळ्यात माग कोरडा पडला की सूत तुटते. आम्ही मागाखाली ओलं पोतं टाकत होतो."

"कधीपासून लावून राहिले?"

"ऊन लागलं तवापासून. तुह्या साहेबाचं ऐकलं तवापासून पाणी जास्त टाकतो. तुले जा लागू नये म्हणून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अंकितच्या दुकानात बाबा नव्हते, म्हणून तिथे मशीन फिट. इथे गरम हवेच्या तोंडावर पोतं. ती हवा उलटी आत शिरायची आणि कार्ड उकडून निघायचं. माझं डोकं फिरलं.

"याच्यानंच तं बंद पडून राहिलं बाबा. तुम्हीच बंद पाडून राहिले."

बोलले आणि लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेले होते. बाबा गाठ सोडायला लागले. सुतळी भिजून घट्ट झाली होती. नखांनी उकलत बसले.

दुपारी गिऱ्हाईक आलं. पंखे घोंघावले. मी त्यांना दिवाणखान्यातून जिन्यावर नेलं, जिन्यावरून गच्चीवर. गिऱ्हाइकाच्या बायकोला देवघर पूर्वेला हवं होतं, ते सरकवलं. नेट जागचं हललं नाही.

"झालं म्हणायचं दुरुस्त," गौरांग सर शेवटी म्हणाले. "राहा मग तिथेच." मला आनंद व्हायला हवा होता. नुसतं हुश्श झालं.

बाहेरच्या खोलीत बाबा नव्हते. गॅलरीतही नव्हते, आणि दाराशी चपला नव्हत्या. मेच्या दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर पडत नाही. गल्लीच्या टोकाला बंद पानठेल्याच्या वीतभर सावलीत ते उभे होते. डोक्याला दुपट्टा, सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"बाबा, उन्हात काहून आले?"

"घरात बसलो असतो तं मशीनचं ओरडणं ऐकू आलं असतं. पोतं लावल्याबिगर हात राहत नाही माझा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जा लागते का तुले?"

"नाही जा लागत."

मला वाटलं आता निघतील. त्यांनी मान हलवली, पण पाय उचलला नाही.

"मशीन बंद केलं का?"

"केलं बाबा."

तेव्हा कुठे ते घराकडे चालायला लागले.