कुंडीत लावलेलं अर्थिंग

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं फ्यूजतात्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं, आणि बागेतल्या बाकावरचे शेजारी सरसावून बसले. तात्यांनी चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं होतं आणि त्याहून जास्त वर्षं थापा मारल्या होत्या. समोर ताईच्या बागेतले नऊच्या नऊ दिवे नुकतेच लागले होते. ताई म्हणजे तात्यांची थोरली बहीण. ती पायरीवर मटार सोलत होती, आणि तिचं इकडे लक्ष नाही अशी सगळ्यांची समजूत होती.

तर झालं असं. गेल्या आठवड्यात एका सकाळी तात्या दाढी करत असताना ताईचा फोन आला.

"अरे तात्या, आपली चिमणी म्हणते, दिवा चावतो."

चिमणी म्हणजे ताईची नात, वय वर्षं साडेतीन. रोज संध्याकाळी ओल्या हिरवळीवरून अनवाणी पळत जायचं आणि एकेका दिव्याच्या खांबाला हात लावून "तू शहाणा" म्हणायचं, हा तिचा नेम.

"तुझे दाजी म्हणतात, मुंगी चावली असेल."

तात्यांचा हात गालावरच थांबला. ते लोखंडी खांब पाच वर्षांपूर्वी त्यांनीच उभे केले होते.

"ताई, बागेचा मेन स्विच बंद कर. आत्ता. आणि पोरगी कुठाय?"

"माझ्या कडेवर. बिस्कीट खातेय."

"खाली सोडू नकोस तिला."

अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून तात्या हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. वाटेत दोघांनी हटकलं, त्यांनी ओळखच दाखवली नाही. जन्मभर लोकांच्या घरी वायरी ओढल्या, कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही, आणि आता बहिणीच्या नातीनं हात लावावा तर आपलाच खांब तिला चावावा?

पोचल्या पोचल्या त्यांनी चिमणीचे दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले. पोरगी ठणठणीत. "तात्याआजोबा, तुमच्या गालाला क्रीम लागलंय," एवढीच तिची तक्रार.

मग तात्यांनी एकेक खांब उघडला. प्रत्येकात हिरवी वायर जागच्या जागी, स्क्रू घट्ट. वीज कुठे गळलीच तर या हिरव्या वायरीनं ती कोपऱ्यातल्या अर्थिंगच्या रॉडपर्यंत न्यायची आणि रॉडनं जमिनीत सोडायची, अशी सोय त्यांनी करून ठेवलेली. पण कोपऱ्यात बघतात तर रॉडच नाही! तिथं एक छोटंसं कारंजं बांधलेलं.

"दाजी, इथला रॉड कुठाय?"

दाजींची रोपवाटिका आहे. कुठलीही वस्तू कुंडीत लावता येते, अशी या माणसाची पक्की धारणा. ते मोठ्या अभिमानानं पुढे झाले. "अहो, कारंज्याच्या आड येत होता. म्हणून हलवला. वायरला जरासुद्धा इजा होऊ दिली नाही हं!"

त्यांनी दाखवलं. कमरेइतकी उंच प्लॅस्टिकची कुंडी, खाली चार चाकं, आणि मधोमध रॉड.

"हा अर्धाच दिसतोय," तात्यांचा आवाज चिरकला.

"खालून छाटला ना. रोप हलवताना मुळं नाही का छाटत आपण? माती एक नंबर आहे. गांडूळखत घातलंय. रोज पाणीही घालतो."

"फुटलीत का पानं?" तात्यांनी विचारलं.

"चेष्टा करू नका."

"चेष्टा तुम्ही केलीत, दाजी! ही कुंडी उभी आहे प्लॅस्टिकच्या चाकांवर. गळलेली वीज हिच्यात येऊन जाणार कुठे? खालच्या जमिनीशी हिचा संबंध काय? ती खांबातच बसून राहिली, कुणाचा तरी हात लागायची वाट बघत. त्यात ओलं गवत आणि अनवाणी पोर!"

दाजी मटकन कारंज्याच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "मी मुंगी म्हणालो हो."

मग नवा रॉड आला, जमिनीत खोल गेला, हिरवी वायर त्याला आवळून बांधली गेली. सगळ्यांना लांब उभं करून तात्यांनी मेन चालू केला, तसा ट्रिपर, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, खाडकन पडला. तो आवाज ऐकून तात्यांना इतकं बरं वाटलं की काय सांगावं! गळतीला वाट मिळाली होती आणि ट्रिपरला चोर सापडला होता. सातव्या दिव्याच्या जोडात पाणी शिरलेलं निघालं. जोड नवा केला, मीटर लावला. एकेका खांबावर शून्य, शून्य, शून्य. तेव्हा कुठे तात्यांनी उरलेली अर्धी दाढी केली, तीही ताईच्या आरशात. संध्याकाळी चिमणीनं नऊही खांबांना हात लावला. सातव्याला मात्र "तू शहाणा" म्हणाली नाही, "सॉरी म्हण" म्हणाली.

"पण खरी गंमत रॉड ठोकतानाच झाली," तात्या म्हणाले. बाकावरचे लोक आणखी पुढे सरकले. "जमीन कशी? नुसता कातळ! तात्यानं घण उचलला, पहिल्या घावात रॉड गडप. दुसरा जोडला, तोही गडप. असे अकरा रॉड गेले."

"अकरा?" शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मोजून अकरा. आणि बाराव्याला खालून आवाज आला. टक, टक. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी वायरमन त्याच्या बागेत रॉड ठोकत होता हो! दोन्ही रॉड मधोमध भेटले. मीटर बघतो तर शून्याच्याही खाली! तिकडचे दिवे लागले की अजूनही आपले जरा जास्त उजळतात. तो बघा, तो तिसरा बघा. आणि एवढे बारा रॉड ठोकून तात्याच्या कपाळावर घामाचा थेंब..."

"पुरे झालं, तात्या!" पायरीवरून ताई कडाडली. मटाराचं ताट तिनं बाजूला सरकवलं. "रॉड एकच होता. जमीन लोण्यासारखी मऊ होती. आणि तो मी ठोकला, मी! तुझे हात इतके थरथरत होते की घण धरवेना. तू इथंच, याच बाकावर चिमणीला मांडीवर घेऊन बसला होतास आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडत होतास!"