दुसरा बार

हर्बर्ट लमलीची थोरली लेक एनिड ज्या हिवाळ्यात बापाविना लग्नाला उभी राहिली, त्या १९४४च्या जानेवारीत बाप इटलीच्या चिखलात रेडिओसाठी तबकड्या कोरत होता. युद्धाच्या बातम्या देणारा डेनिस कॅरू बोलायचा आणि लष्करी गाडीत बसून हर्बर्ट तो आवाज तबकडीवर उतरवायचा. सुई चालू लागली की काळ्या दोऱ्यासारखा कीस निघे. तो ब्रशने सारत राहावं लागे. सुईखाली अडकला की तबकडी वाया.

हर्बर्टचा एक नेम होता. एका जागचा आवाज त्याने दुसऱ्या जागचा म्हणून कधी खपवला नव्हता. "घरची माणसं विश्वासाने कान लावून बसतात रे," तो म्हणे.

त्या संध्याकाळी तोफा गप्प होत्या. समोरच्या डोंगरावर जर्मन होते आणि हर्बर्टची गाडी उभी होती तिथली, झाडीत लपवलेली ब्रिटिश तोफ त्यांना अजून सापडली नव्हती. तिचा आवाज तबकडीवर घ्यायला कॅरूने वरून एका बाराची परवानगी आणली होती.

"एकच हं, साहेब," तोफेवरचा सार्जंट मॉर्गन प्रोबर्ट म्हणाला. "जास्त धडधड केली तर समोरचे पत्ता शोधत येतील."

"हुकूम तुझ्याच आवाजात घेऊ," कॅरू म्हणाला. "कुठला तू?"

"वेल्सचा. म्हणजे माझी आई ऐकेल? घरी रेडिओ नाही, पण पाद्रीबाबांकडे जाईल. अख्खी आळी घेऊन जाईल म्हातारी!"

प्रोबर्टने कोटाची बटणं लावली, जणू तबकडीत तीही दिसणार होती. त्याने हुकूम सोडला. तोफ धडाडली. हर्बर्ट दचकला, ब्रश हुकला आणि कीस सुईखाली गेला.

"मिळालं ना?" कॅरूने विचारलं.

गाडीत दुसऱ्या ठिकाणच्या तोफेच्या आवाजाची एक जुनी तबकडी होती. तिचा आवाज जोडला असता तर लंडनमध्ये कुणाला कळलं नसतं. हर्बर्टने डोंगराकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "बिघडली."

"वा! इतक्या वर्षांत दचकायला आजचाच मुहूर्त सापडला तुला!" कॅरू करवादला.

प्रोबर्टने टोपी मागे सारली. मग हसला. "घ्या आणखी एक. म्हातारीला अर्धवट कशाला ऐकवायचं?"

या वेळी हर्बर्टचा हात हलला नाही. तबकडी स्वच्छ उतरली. तोफेपाशी पोरं चहा ओतू लागली. हर्बर्ट तबकडी पाकिटात सरकवत होता, तेवढ्यात पहिला गोळा ओढ्यात पडला आणि दुसरा तोफेवर.

गाडी वाचली. तबकडीवर ओरखडाही नव्हता.

"पाठवायची?" कॅरूने हळूच विचारलं.

"खरी आहे," हर्बर्ट म्हणाला. "पाठवा."

रविवारी पाद्रीबाबांच्या घरी म्हातारीने लेकाचा आवाज ओळखला आणि शेजारणीचा हात घट्ट धरला. तार अजून आली नव्हती. सार्जंट मॉर्गन प्रोबर्ट आणि तोफेवरची दोन पोरं १९ जानेवारी १९४४ला, बुधवारी संध्याकाळी मेली.