रिकामी परडी

पालीजवळच्या त्या वाडीत कुणाचं भांडं रिकामं परत करत नसत. चिमाने वेलावरच्या दोन तवशी काकड्या परडीतून पाठवल्या, आणि सगुणेकडे त्या दिवशी द्यायला नेमकं काही नव्हतं. सत्त्याऐंशीचा श्रावण, वाडीत रेशमाच्या अळ्या पाळल्या होत्या त्या या दोघींनीच. चिमाला तुतीचा पाला कमी पडत होता. सगुणेच्या अळ्यांच्या ताटांवर मात्र कालचा पाला तसाच पडून होता. अळ्या खात नाहीत म्हणजे कात टाकायला निजल्या असतील, असं ती धरून चालली. तोच पाला उचलून परडी भरली. वर शेजारधर्म पाळल्याचं समाधान.

दुसऱ्या दिवशी पडवीत पाऊल टाकलं तर घाण वास. अळ्या लुळ्या पडलेल्या, काही काळ्या. चिमटीत धरली की नुसतं पाणी. रेशीम योजनेच्या साहेबाने पन्नासदा बजावलं होतं, ओला पाला घालू नका, खोलीत वारा खेळू द्या, रोगट ताटातलं काही दुसऱ्या ताटाला लावू नका. सगुणाबाईंनी मान डोलावली आणि झड आत येते म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलं. आता तिने खड्डा खणून सगळी ताटं त्यात रिती केली, वर चुना ओतला.

आपलं गेलं ते गेलं, पण चिमाचं हे पहिलंच पीक. सगळी वाडी हसली तेव्हा सगुणेनेच तिला यात ओढलं होतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पावसात कुणाच्याही अळ्या मरतात. हे मनात आलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. चुन्याचा डबा घेऊन ती निघाली.

चिमा खुशीत होती. "तुजा पाला चांगल्या ताटास्नी घातला गो, सगुणाक्का."

सगुणेने सगळं सांगितलं, गोणपाटासकट. "ती ताटं आदी भायर काड, चिमे. हात धू, मगच बाकीच्यास्नी शिव."

सहा ताटं पुरली. त्यांतल्या अळ्या अजून पाला कुरतडत होत्या. उरलेल्या चार ताटांवर रोग पसरू नये म्हणून दोघींनी चुना भुरभुरला.

काम आटोपल्यावर चिमाने डबा धुतला, पदराने पुसला, एकदा शिंक्याकडे पाहिलं, आणि रिकामाच सगुणेच्या हातात दिला.